खेळातले शब्द कोणाचे?

(लातूर व नांदेड जिल्ह्यांतील शिक्षक आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात प्रश्न उभा राहिला असेल, की संगणकावरचे खेळ हा काय व्याख्यानाचा विषय झाला? मुलांच्या हातून मोबाइल काढून घेता घेता घरोघरच्या आया थकल्या आहेत, आणि हा वक्ता खेळांची भलामण करायला उभा राहतो! आपली तक्रार खरी आहे. परंतु मी ज्या खेळांविषयी बोलणार आहे ते निराळे. ते चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे, घरगुती संगणकाच्या बाल्यावस्थेतले आहेत. शाळकरी मुलांचा शब्दसंग्रह वाढविणे एवढाच त्यांचा हेतू होता. ते ज्यांनी तयार केले त्यांनी काय साधले, आपल्याकडे ते कोणत्या भाषेतून पोहोचले, आणि त्यामुळे आपल्या मुलांच्या ओंजळीत कोणते शब्द पडले व कोणते निसटून गेले, याचा हिशेब आज मांडावयाचा आहे.

१९७८ साली अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने 'स्पीक अँड स्पेल' नावाचे एक खेळणे बाजारात आणले. मुलाला हातात उचलून नेता येईल एवढे ते यंत्र. ते एक शब्द उच्चारी आणि मुलाने कळा दाबून त्या शब्दाचे स्पेलिंग करावयाचे. बरोबर आले की यंत्र शाबासकी देई; चुकले तर पुन्हा संधी देई. दडलेला शब्द एकेक अक्षर सुचवून ओळखण्याचा खेळही त्यात होता. यंत्राच्या तोंडून मनुष्यवाणी निघते याचे त्या काळी मोठे अप्रूप वाटले, कारण ही किमया एका लहानशा चिपवर साधलेली होती. मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची हकीकत. हे खेळणे युरोपात गेले तेव्हा फ्रान्समध्ये ते फ्रेंच बोलू लागले आणि इटलीत इटालियन. त्या देशांतील मुलांना इंग्रजी शब्द ऐकवून भागविलेले नाही. नावही बदलले, शब्दही बदलले. परकीय यंत्र त्यांनी घेतले, पण त्याच्या तोंडी भाषा स्वतःची घातली. हा तपशील लक्षात असू द्या. त्याच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

त्यानंतर घरगुती संगणक आले. १९८३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील जॅन डेव्हिडसन नावाच्या शिक्षिकेने 'वर्ड अटॅक' नावाचा खेळ काढला. मुलांना शाळेनंतर शिकविण्याचा त्यांना अनुभव होता, आणि मुले पाठांतराला कंटाळतात पण पडद्यावरच्या नेमबाजीला कंटाळत नाहीत, हे त्यांनी हेरले. या खेळात आधी शब्द, त्याचा अर्थ आणि वाक्यातील उपयोग दाखविला जाई. मग प्रश्न विचारले जात. आणि शेवटी नेमबाजी: अर्थ समोर येई आणि तो ज्या शब्दाचा असेल तो शब्द मुलाने नेमका टिपावयाचा. आजच्या झगमगाटापुढे हे चित्र अगदीच बाळबोध दिसेल. पण त्यात एक सोय अशी होती, की जिच्यासाठी मी या बाईंना मनोमन नमस्कार करतो. शिक्षकाला किंवा पालकाला स्वतःची शब्दसूची त्यात भरता येत असे. आज वर्गात जो धडा झाला त्यातले वीस शब्द संध्याकाळी खेळात. शब्द कोणते हे कंपनी ठरवीत नसे, वर्गावरचा शिक्षक ठरवी.

याच काळातले दुसरे नाव ॲन पीस्ट्रप यांचे. शैक्षणिक खेळांसाठी नावाजलेली 'द लर्निंग कंपनी' ही संस्था १९८० साली त्यांनी स्थापन केली. 'रीडर रॅबिट' नावाचा सशाचा खेळ तिथलाच. पण त्यापूर्वी, १९७३ साली, त्यांनी एक संशोधन प्रसिद्ध केले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुले घरी एक बोली बोलतात आणि शाळेत प्रमाण इंग्रजी शिकतात; त्यांच्या पहिलीच्या वर्गांत बसून पीस्ट्रप यांनी निरीक्षणे केली. ज्या वर्गांत शिक्षिका मुलाला शब्दागणिक अडवून त्याची बोली दुरुस्त करीत बसे तिथे वाचन मागे पडत होते. ज्या वर्गांत शिक्षिका त्याच बोलीची लय, तिचा ठसका उचलून शिकवीत होती तिथे मुले भराभर वाचत होती. बंधूंनो, हे वाचताना मला कॅलिफोर्निया दिसत नाही. मला औसा आणि मुखेड दिसते. 'कुठं चाललास' ऐवजी 'कुठं चाल्लास बे' म्हणणाऱ्या पोराला आपण पहिल्याच दिवशी गप्प करतो, आणि मग सातवीत तक्रार करतो की हा वर्गात बोलत नाही.

आता हे सारे आपल्या देशात कसे आले ते पाहू. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने शाळांमधून संगणक साक्षरतेची योजना सुरू केली. 'क्लास' या आद्याक्षरांनी ती ओळखली जाई. आरंभी सुमारे २५० निवडक शाळांत ब्रिटनचे 'बीबीसी मायक्रो' संगणक बसविण्यात आले. त्यासोबत जे शैक्षणिक कार्यक्रम आले ते बहुतांशी तिकडच्या मुलांसाठी तिकडच्या शिक्षकांनी केलेले, आणि अर्थात इंग्रजी. त्यापूर्वी १९८२ साली इंग्लंडमध्ये सिंक्लेअर यांचा 'स्पेक्ट्रम' निघाला होता. घरच्या टीव्हीला जोडावयाचा, साध्या टेपरेकॉर्डरवरच्या कॅसेटमधून खेळ उतरवून घ्यावयाचा, असा तो स्वस्त संगणक. (याच १९८२ च्या ऑगस्टात उस्मानाबादमधून वेगळा होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला.) पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम आपल्या बाजारात आणला. तोही आपल्या गावांपर्यंत क्वचितच आला. आपल्याकडे प्रत्यक्ष पोहोचली ती नव्वदच्या दशकातील टीव्हीला जोडायची खेळणी. त्यांतल्या काहींना कळफलक जोडलेला असे आणि 'एज्युकेशनल कॉम्प्युटर' म्हणून ती विकली जात. वर्षभराची बचत मोडून कित्येक मध्यमवर्गीय घरांनी ती घेतली. त्यावर मूल शब्द शिके, नाही असे नाही. पण 'ए' फॉर 'ॲपल'. सफरचंद आमच्या शिवारात पिकत नाही, सीताफळ पिकते.

इथे एक न्याय्य आक्षेप घेतला जाईल, की त्या यंत्रांवर मराठी लिहिताच येत नव्हते, मग दोष कोणाला द्यावयाचा? आक्षेप समजून घेण्यासारखा आहे. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला आठ उभे, आठ आडवे, असे ६४ ठिपके मिळत. वापरणाऱ्याला स्वतःची चिन्हे काढण्याची सोय होती, पण ती फक्त २१ चिन्हांची. चौकटीच्या कागदावर आठ-आठ घरे आखून त्यात 'ज्ञ' काढून पाहा, म्हणजे अडचण कळेल. वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी किंवा मात्रा, खाली उकार. ६४ ठिपक्यांत 'क' कसाबसा बसतो, 'कृ' बसत नाही, आणि 'र्क्यू'चा तर विचारच नको. २१ चिन्हांत आपली मुळाक्षरेसुद्धा मावत नाहीत. रोमन लिपीचे अक्षर मात्र एका घरात सुटसुटीत बसे. यंत्र घडविणाऱ्यांनी आपली लिपी डोळ्यांसमोर ठेवली होती, आमची ठेवली नव्हती; ठेवावी अशी अपेक्षा तरी का करावी?

मात्र आपल्या देशातील बुद्धी स्वस्थ बसली नव्हती, हेही अभिमानाने सांगितले पाहिजे. आयआयटी कानपूरमध्ये देवनागरी संगणकाचे काम झाले. तेथून ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि 'जिस्ट' तंत्राच्या रूपाने साध्या संगणकावर भारतीय भाषा उमटू लागल्या. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय प्रमाण ठरले. त्यात ब्राह्मीपासून निघालेल्या प्रमुख भारतीय लिप्या एकाच वर्णक्रमात बसविल्या आहेत; देवनागरी, तेलुगू, कन्नड, गुरुमुखी यांच्या 'क'ची जागा एकच. ज्या राष्ट्रीय एकात्मतेवर आपण व्याख्याने देतो ती त्या अभियंत्यांनी एका कोष्टकात उतरवून दाखविली. पुढे २००० सालच्या विंडोजमध्ये युनिकोडच्या आधाराने मराठी लिहिता येऊ लागले. तोवर मधली दहा-बारा वर्षे मात्र वाया गेली. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळा, प्रत्येकाची आतली सांकेतिक मांडणी निराळी. एका शिक्षकाने एका फॉन्टमध्ये टंकलेली शब्दसूची दुसऱ्या शाळेच्या संगणकावर उघडली की पडद्यावर नुसती रांगोळी. शिक्षकांची अशी किती मेहनत फ्लॉपीत कुजून गेली असेल!

पण तंत्राची अडचण २५ वर्षांपूर्वी संपली. तरीही आपली मुले शब्दांचे खेळ खेळतात ते बहुशः इंग्रजीतच. तेव्हा मूळ अडचण यंत्रात नव्हती, हे मान्य केलेले बरे. तिला आत्मविस्मृती म्हणतात.

भाषा हातची जाणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला कुणी शिकवावयास नको. निजामाच्या राज्यात लोकांची भाषा मराठी, तेलुगू आणि कन्नड. पण दरबाराची व कचेरीची भाषा उर्दू आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. आपल्या आजोबांच्या पिढीतील कित्येकांनी गणित आणि भूगोल उर्दूतून शिकला. घरी ज्ञानेश्वरी आणि शाळेत 'जुगराफिया', असे ते दुभंगलेले बालपण होते. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी, उदगीरची श्यामलाल यांसारख्या संस्थांनी त्या काळात काय सोसून शिक्षण जिवंत ठेवले, हे १७ सप्टेंबरच्या भाषणांतून आपण ऐकतोच. मला त्यातली एकच गोष्ट सांगावयाची आहे. उर्दू ही वाईट भाषा म्हणून ती लादणे अन्यायाचे नव्हते. मुलाला त्याच्या घरच्या शब्दांनी विचार करू न देणे हा अन्याय होता. आज ती सक्ती कुणी करीत नाही. आपण आपण होऊन शुल्क भरून ती विकत घेतो.

शब्द गेले तर ते परत आणता येतात, हा विश्वासही आपल्याच इतिहासाने दिला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. दहा वर्ग आहेत आणि शब्दसंख्या सुमारे चौदाशे. या कोशाची रचना श्लोकबद्ध आहे, हे आपण सहसा विसरतो. अमरकोशाप्रमाणे तो पाठ व्हावा अशी योजना त्यात आहे. छंद हा पाठांतराचा खेळच आहे. पुढचा शब्द काय येणार याची उत्सुकता, चुकले की लगेच ताल तुटणे आणि जमले की मिळणारा आनंद, हे सारे त्यात आहे. 'वर्ड अटॅक'ने पडद्यावर जे केले ते अनुष्टुभाने जिभेवर केले होते. आणि घराघरांत भेंड्या होत्या, उखाणे होते, कोडी होती, दुपारच्या वेळी वहीवर रकाने आखून 'नाव, गाव, फळ, फूल' होते. संगणकीय खेळ आपल्याला परका नाही. आपण तो यंत्रावर चढविला नाही एवढेच.

स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीची आठवण इथे अपरिहार्य आहे. दिनांक, महापौर, दिग्दर्शक हे त्यांनी रुळविलेले शब्द आज विरोधकही सहज वापरतात. पण त्यांनी फाउंटन पेनसाठी सुचविलेला 'झरणी' हा सुंदर शब्द रुजला नाही. असे का व्हावे? 'दिनांक' प्रत्येक अर्जावर छापला गेला, रोज हाताखालून गेला. 'झरणी' कुणाच्या रोजच्या तोंडी आलाच नाही. शब्द व्यासपीठावरून सांगून जगत नाही, तो दहा वेळा वापरावा लागतो. खेळ हे दहा वेळा वापरावयाला लावण्याचे साधन आहे. आपल्या चळवळीने शब्द पुष्कळ घडविले, ते खेळविले मात्र कमी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बरे, मराठीसाठी खेळ करावयाचा तर तो इंग्रजीची नक्कल असून चालणार नाही. स्पेलिंग ही इंग्रजीची व्याधी आहे. उच्चार एक, लेखन भलतेच, म्हणून त्यांना स्पर्धा भरवाव्या लागतात. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ सोडले तर बोलावे तसे लिहावे. मग दडलेला शब्द ओळखण्याचा खेळ मराठीत कसा करावयाचा? एक घर म्हणजे काय? 'विद्यार्थी' हा शब्द मुलाच्या कानाला तीन अक्षरांचा आहे: वि, द्या, र्थी. पण संगणकाच्या आत तो दहा चिन्हांचा आहे. व, वेलांटी, द, हलन्त आणि असेच पुढे. इंग्रजी खेळाचा सांगाडा घेऊन कुणी घाईने मराठी खेळ केला, तर पडद्यावर नुसती लोंबकळणारी वेलांटी येते आणि मुलाला वाटते की आपली भाषाच मोडकी आहे. घर अक्षराचे असले पाहिजे. आमच्या छंदशास्त्राने अक्षरे मोजली, ती उगाच नव्हे.

दुसरी गोष्ट लिंगाची. ही बाब पुण्याच्या सूचीकाराला सुचणार नाही, देगलूरच्या शिक्षकाला लगेच सुचेल. देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात कित्येक मुलांच्या घरी तेलुगू आहे. उदगीर, देवणी, निलंग्याकडे कन्नड आहे. शहरांतल्या मोहल्ल्यांत दखनी उर्दू आहे. किनवटकडे तांड्यांवर बंजारा बोली आणि पाड्यांवर गोंडी, कोलामी आहे. तेलुगू किंवा कन्नड घरातल्या मुलाला निर्जीव वस्तूला स्त्री किंवा पुरुष मानण्याची सवय नसते. खुर्ची 'ती' का आणि दगड 'तो' का, हे त्याला कोण सांगणार? उर्दू घरातल्या मुलाला 'तो' आणि 'ती' ठाऊक असतात, पण 'ते झाड'मधले 'ते' त्याच्या भाषेत नाही. ही मुले मंद नसतात, ती एक भाषा अधिक जाणत असतात. 'तो, ती, ते' अशा तीन टोपल्या आणि वरून पडणारे शब्द, एवढा साधा खेळ या मुलांचे वर्षभराचे रडणे वाचवू शकेल. पुढची पायरी सामान्यरूपाची: 'घोडा' पण 'घोड्याला', 'पाणी' पण 'पाण्यात'. काशीला मोठमोठे वैयाकरण देणाऱ्या आणि भट्टोजी दीक्षितांच्या गुरूंच्या शेष घराण्याचे मूळ ज्या नांदेडला सांगितले जाते, त्या नांदेडला व्याकरणाचा खेळ जड जाऊ नये. शिवाय १७०८ पासून गुरू गोविंदसिंहांच्या समाधिस्थानामुळे तिथे पंजाबी आणि गुरुमुखीचाही वावर आहे. इतक्या भाषा ज्या शहराच्या कानावर पडतात तिथल्या मुलाला 'क'ची सात रूपे दाखविणारा खेळ का असू नये?

आता शब्द कोणते, हा कळीचा मुद्दा. ही सूची पाठ्यपुस्तकातूनच उचलावी असे मला वाटत नाही. लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या मुलाला वेळ अमावस्या ठाऊक असते. आपण तिला येळवस म्हणतो. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी शहरे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याची कोप, पाच पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबिलीचा बिंदगा. हा शब्दच कन्नडमधून आला असे म्हणतात, आणि आला तर काय बिघडले? दोन भाषांच्या शिवेवरच्या शेतात उगवलेला तो शब्द आहे. राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या मुलाला तो कळणार नाही. आपल्या मुलाच्या खेळात तो असलाच पाहिजे.

शेतीच्या शब्दांविषयी मात्र थोडे तारतम्य ठेवावे लागेल. तिफण, चाडे, मोघडा, शिवळ, तिवडा, थारोळे ही यादी सांगताना आपल्यापैकी वडीलधाऱ्यांचे डोळे चमकले, ते मी पाहिले. पण ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, मोट तर केव्हाच गेली. वस्तू गेली की शब्द जाणारच. त्यासाठी गळा काढण्यात अर्थ नाही. प्रश्न उरतो तो अशा शब्दांचा, जे शेतातून उठून भाषेत येऊन बसले आहेत. 'वेसण घालणे' हा वाक्प्रचार मूल धड्यात वाचते, पण वेसण कशाला म्हणतात ते त्याला माहीत नसते; 'मानेवर जू' वाचते आणि त्याच्या डोळ्यांसमोर केसातली ऊ येते. हे शब्द राखलेच पाहिजेत, नाहीतर सारे जुने मराठी साहित्य त्याला परभाषेसारखे होईल. खेळात वेसणीचे चित्र, बैलाचे चित्र आणि मग वाक्प्रचार, असा क्रम ठेवता येतो.

लातूरमध्ये बोलतो आहे, तेव्हा 'लातूर पॅटर्न'चा उल्लेख टाळून चालणार नाही. राज्य मंडळाच्या गुणवत्ता याद्या निघत होत्या तेव्हा या शहराने पुण्या-मुंबईला जी धडक दिली तिने साऱ्या मराठवाड्याची मान ताठ झाली. शाहू महाविद्यालय, दयानंद, केशवराज यांच्या शिक्षकांनी सुट्ट्या न घेता केलेले ते कष्ट होते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतरही हे शहर त्याच जिद्दीने उभे राहिले. या पराक्रमाविषयी मला नितांत आदर आहे. पण सराव, चाचणी, पुन्हा सराव या चक्रात भाषा हा विषय सर्वांत आधी बाजूला पडला, हेही तितकेच खरे. अकरावीला अधिक गुण देणारा पर्याय मिळाला की मराठी सुटते. वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलाला अवयवांची लॅटिन नावे शेकड्यांनी पाठ असतात. आणि उद्या तोच डॉक्टर होऊन अहमदपूरला बसेल, तेव्हा म्हातारी सांगेल की 'लेकरा, उमाळा येतो, हातपाय गळतेत, पोटात कालवतंय', तर त्याला कळणार नाही. शब्द गेला की रोगाचे निदान चुकते. हा भाषाप्रेमाचा हळवेपणा नव्हे.

आणि आपल्या घरांकडेही पाहू. या सभागृहात बसलेल्या किती जणांची मुले-नातवंडे मराठी माध्यमात आहेत? मी हात वर करावयाला सांगत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा माध्यम असावे असे म्हटले. त्याच वर्षी राज्याने सर्व शाळांत मराठी अनिवार्य करणारा कायदा केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. तिन्हींचे आपण स्वागत केले, पेढे वाटले. परंतु इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाशी घरी बोलताना 'बेटा, तुझी बॉटल बॅगमध्ये पुट कर' म्हणणारी आई आपल्याच कुटुंबातली असते. माध्यमाचा निर्णय ज्याचा त्याने करावा, त्यावर आज वाद घालणार नाही. मात्र इंग्रजी माध्यमातल्या मुलालाच या खेळांची गरज सर्वाधिक आहे.

हे काम कुणी कंपनी करील अशी वाट पाहू नका. त्या अमेरिकन खेळांचे पुढे काय झाले ते ऐका. डेव्हिडसन यांची कंपनी १९९६ मध्ये मोठ्या उद्योगसमूहाने घेतली. लर्निंग कंपनी हातोहात विकली जात अखेर १९९९ मध्ये मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीकडे, सुमारे साडेतीन अब्ज डॉलरना गेली. तोटा असा झाला की पुढच्याच वर्षी मॅटेलने ती काढून टाकली. शिक्षिकांनी उभे केलेले काम ताळेबंदात विरघळले. ज्या बाजारात इंग्रजीची ही गत, तिथे मराठी शब्दांना, त्यातही देगलूरच्या मुलाच्या शब्दांना, कोण गुंतवणूकदार मिळणार? सूची समाजाच्या हाती असली, तर खेळ कुणीही कितीदाही नवा करील. सूचीच नसेल तर उत्तम संगणकही मुका.

तेव्हा सुरुवात सूचीपासून. प्रत्येक शिक्षकाने आठवड्याला वीस शब्द निवडावेत; तीस आठवड्यांचे सहाशे होतात. शब्द, सोपा अर्थ, लिंग आणि मुलाच्या जगातले एक वाक्य, एवढे पुरे. सर्वांनी युनिकोडमध्येच टंकावे. फॉन्टची जुनी दुर्दशा पुन्हा नको. उच्चार मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावेत, आणि ते शक्यतो आजीच्या किंवा आजोबांच्या आवाजात. यंत्राने बोलावे तर आपल्या माणसासारखे बोलावे. शाखेतून येणाऱ्या महाविद्यालयीन तरुणांपैकी संगणक शिकणारे पुष्कळ आहेत. तीन टोपल्यांचा खेळ त्यांना एका सुट्टीत जमेल. ज्या तांड्यावर मोबाइलला रेंज नाही तिथे हाच खेळ पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर खेळवा. पत्त्यांवर जो खेळ रंगत नाही तो पडद्यावरही रंगणार नाही, ही कसोटीही त्यातून आपोआप होईल.

शेतीच्या शब्दांसाठी येत्या येळवसला शेतात जाताना एक वही न्यावी. चाडे कशाला म्हणतात, मोघडा कशाला, हे हाताने दाखवून सांगणारा माणूस त्या दिवशी कोपीपाशी बसलेला असतो. मुलांनी त्याला विचारावे, मोठ्यांनी मध्ये बोलू नये. एका गावात 'चाडं' म्हणतील, दुसऱ्या गावात आणखी काही. शुद्ध कोणते हे तिथे ठरवीत बसू नका. जसे बोलतात तसे लिहा आणि पुढे गावाचे नाव लिहा.